सोयीचा शत्रू

नागपुरात बुद्धिबळाचा खेळ कोणत्या ग्रंथामुळे, कोणत्या गुरूमुळे अथवा कोणत्या दरबारच्या आश्रयामुळे रुजला याचे संशोधन विद्वानांनी सवडीने करावे. माझ्या अल्पमतीप्रमाणे त्याचे सारे श्रेय सूर्यनारायणाकडे जाते. ज्या शहराचा पारा वैशाखात 45 अंशांची शीव निःसंकोच ओलांडतो, जेथे सकाळी अकरापासून सायंकाळी पाचपर्यंत टपालखात्याचे शिपाई, रसवंतीवाले आणि ज्यांच्या खटल्याची तारीख नेमकी त्याच दिवशी पडली आहे असे हतभागी पक्षकार यांखेरीज रस्त्यावर कोणी दृष्टीस पडत नाही, आणि जेथे कूलरच्या टाकीत पाणी ओतणे हे नित्यकर्मांत जमा होते, त्या शहरातील विचारी गृहस्थाने बंद खोलीतले ते सहा तास घालवावेत तरी कसे? निद्रा करावी, तर ती दोन तासांत आपली मुदत संपवून निघून जाते. पत्ते मांडावेत, तर चार माणसे लागतात, आणि एवढ्या उन्हात चार माणसे जमवायची म्हणजे त्यांपैकी निदान दोघांच्या घरून "ऊन लागलं म्हणजे?" अशी हरकत दाखल होते. बुद्धिबळाला दोनच माणसे पुरतात. शिवाय त्यात डोक्याखेरीज कोणताही अवयव विशेष शिणवावा लागत नाही, आणि आमच्या महाल भागातल्या वाड्यात खेळायला येणारे काही गृहस्थ तर त्या अवयवालाही विश्रांती देत असत.

परंतु ही दोन माणसे मिळवणे हीच मोठी अडचण. त्यांतले एक आपण स्वतःच असल्यामुळे त्याच्याविषयी तक्रार संभवत नाही. दुसरे मात्र आपल्याला हवे तसे कधीच मिळत नाही. आपल्याहून कच्चा गडी मिळाला तर तो पुन्हा येत नाही, पक्का मिळाला तर तो पुन्हा पुन्हा येतो, आणि बरोबरीचा मिळालाच तर तो आपल्याला कच्चा समजतो. आमच्याकडे येणारे एक निवृत्त पोस्टमास्तर उंट उचलून हवेत धरीत, त्या अधांतरी अवस्थेत वऱ्हाडातल्या कापसाच्या भावावर सविस्तर भाषण करीत, आणि भाषण आटोपल्यावर तोच उंट मूळच्या घरी ठेवून, "नुसता हात लागला म्हणजे चाल झाली असं कोणी सांगितलं जी?" असा प्रश्न विचारीत. यांच्या जोडीला प्रेक्षक. नागपुरात डाव दोघांचा असला तरी मसलत सार्वजनिक असते. ओसरीवर पाच जण उभे असले तर तुमच्या वजिरावरचे संकट त्या पाचांनाही तुमच्या आधी दिसते, आणि दिसलेले मनात ठेवणे हे त्यांच्यापैकी कोणाच्याही प्रकृतीला मानवत नाही.

अशा परिस्थितीत, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात, माझा अमेरिकेत स्थायिक झालेला भाचा सुटीवर आला आणि "मामा, हा तुमचा नवा भिडू" असे म्हणून त्याने माझ्या हातावर एक काळी डबी ठेवली. डबी सदऱ्याच्या खिशात मावेल एवढीच होती. वरच्या अर्ध्या भागात करड्या काचेचा पडदा आणि त्यावर चौसष्ट घरे. त्या घरांत इतके सूक्ष्म राजे, वजीर आणि प्यादी, की घोडा कोणता आणि उंट कोणता याचा निवाडा चष्मा पुसल्याखेरीज होत नसे. खालच्या भागात बाणांची बटणे व इंग्रजीतले काही हुकूम. बाणाने ठिपका मोहऱ्यापर्यंत चालवत न्यावा, बटण दाबून मोहरा उचलावा, पुन्हा घरामागून घर ओलांडीत इष्ट स्थळी पोचावे आणि पुन्हा दाबावे. हा प्रवास पुरा होईपर्यंत आपण ती चाल कोणत्या हेतूने योजली होती हे विसरण्यास भरपूर अवकाश मिळे. नियमबाह्य चाल केली की डबी एक नापसंतीचा ध्वनी काढी. नियमात बसणारी परंतु मूर्खपणाची चाल केली असता मात्र काही न बोलता तिचा लाभ घेई. एवढ्या एका गोष्टीवरून तिच्या संस्काराविषयी माझे मत फार चांगले झाले.

बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राची हौस युरोपला फार जुनी. 1770 मध्ये व्हिएन्नाच्या दरबारी केंपेलेन नावाच्या गृहस्थाने एक पेटी सादर केली, जिच्यामागे पागोटे घातलेला लाकडी तुर्क बसून भल्याभल्यांना मात देत असे. 1809 मध्ये खुद्द नेपोलियन त्याच्याशी खेळला. त्या पेटीत एक जिवंत, निष्णात आणि बहुधा घामाघूम झालेला खेळाडू दडवलेला असे, हे पुढे उघडकीस आले. त्यानंतर 1952 मध्ये ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने उलट मार्ग पत्करला: यंत्र तयार नव्हते, म्हणून यंत्राने ज्या रीतीने विचार करावयाचा त्याचे नियम त्याने कागदावर मांडले आणि यंत्राच्या जागी स्वतः बसून, एकेका चालीला सुमारे अर्धा तास आकडेमोड करीत, एका मित्राशी डाव खेळला व हरला. घराघरांत विकण्याजोगे पहिले बुद्धिबळयंत्र 1977 मध्ये अमेरिकेतल्या फिडेलिटी कंपनीने काढले. 'स्टार ट्रेक' या दूरदर्शन मालिकेत कोणी यंत्राशी बुद्धिबळ खेळताना पाहून कंपनीचे चालक सिड सॅमोल यांना ही कल्पना सुचली, आणि त्या पहिल्या आवृत्तीत पटाच्या उभ्या-आडव्या ओळींची नावेच उलटसुलट छापली गेली. पुढे पाचच वर्षांनी एका इंग्रज तरुणाने झेडएक्स 81 या चिमुकल्या संगणकासाठी बुद्धिबळाचा सबंध कार्यक्रम अवघ्या 672 बाइटांत बसवून दाखवला. एवढ्या जागेत मला या लेखाचा पहिला परिच्छेदही बसवता आला नसता.

परंतु माझ्या डबीचे खरे वैशिष्ट्य तिच्या बुद्धीत नव्हते, ती बुद्धी कमीजास्त करण्याच्या बटणात होते. 'पातळी' असे ज्याला म्हणता येईल ते बटण दाबावे, आणि समोरचा शत्रू आपल्या मर्जीनुसार बृहस्पती अथवा बावळट व्हावा! असली सोय आजवर कोणत्या छत्रपतीला, पेशव्याला अथवा सेनासाहेब सुभ्याला लाभली होती? 26 नोव्हेंबर 1817 च्या रात्री सीताबर्डीच्या पायथ्याशी आप्पासाहेब भोसल्यांच्या हाती असे एखादे बटण असते, तर विदर्भाचा इतिहास निराळा लिहावा लागता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अरबांनी धाकटी टेकडी काबीजही केली होती. डाव रंगात होता. तेवढ्यात कंपनीच्या कॅप्टन फिट्झजेराल्डने आपले घोडदळ मैदानात घातले, आणि घोडा अनपेक्षित घरातून आला की काय होते हे आम्हा खेळाडूंना निराळे सांगावयास नको. रेसिडेंट जेंकिन्स यांची पातळी एकाने खाली करण्याची सोय नव्हती म्हणून राज्य गेले. आज त्याच बर्डीवर वाटेल त्या पातळीचे यंत्र विकत मिळते, परंतु राज्य कोणाकडेच उरलेले नाही.

या बटणाशी मनुष्य ज्या रीतीने वागतो ती मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासण्याजोगी आहे. आरंभी तो स्वाभिमानाने मधली पातळी निवडतो. तेथे पराभव झाल्यावर, यंत्राची ओळख व्हावी एवढ्याच हेतूने, तो दोन पातळ्या खाली येतो. तेथेही तेच घडले म्हणजे अगदी तळाशी जाऊन बसतो, जेथे यंत्र आपला वजीर उघड्या मैदानात सोडून स्वस्थ राहते. तेथे तो जिंकतो. जिंकल्याची वार्ता चहाच्या वेळी घरात, संध्याकाळी फुटाळ्याच्या काठावर आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाहीर होते, आणि ती जाहीर करताना पातळीचा उल्लेख करण्याची वहिवाट कोठेही नाही. धरमपेठेत ज्यांच्याकडे अशीच डबी होती ते एक निवृत्त शिरस्तेदार आणि मी, आम्ही दोघे कित्येक महिने एकमेकांना आपापल्या विजयांची हकीकत ऐकवीत होतो. पातळी त्यांनी विचारली नाही, मीही विचारली नाही. सुसंस्कृत समाजात काही दस्तऐवज न उघडण्यातच दोन्ही पक्षांचे हित असते.

मात्र तळाच्या विजयाची गोडी फार काळ टिकत नाही. ज्याला हरवायला काहीच लागत नाही त्याला हरवून माणूस खिन्न होतो, मग हळूच एक पातळी चढतो, पुन्हा उतरतो, आणि अशा चढउतारानंतर शेवटी त्याला आपले घर सापडते: जेथे डावाच्या मध्यावर आपण हरतो आहोत अशी भीती वाटावी, आणि शेवटी आपणच जिंकावे. माझी अशी खात्री झालेली आहे की जगातला प्रत्येक पुरुष मित्राच्या, भाडेकरूच्या, प्रतिपक्षाच्या वकिलाच्या, किंबहुना जावयाच्याही रूपाने याच पातळीचा शोध घेत फिरत असतो. समोरचा आपल्याइतकाच हुशार असावा, परंतु तेवढा नसावा, आणि ही गोष्ट त्याला ठाऊक नसावी. माणसांत असा नग दुर्मीळ. डबीत तो बटणावर मिळतो, आणि दोन पेन्सिल सेलांवर चालतो.

भाच्याने डबी दिली होती ती करमणुकीसाठी नव्हे, अभ्यासासाठी. अभ्यासाची सामग्री तिच्यात भरपूर होती. एक बटण दाबले असता ती आपल्याला उत्तम चाल कोणती ते सुचवी, म्हणजे रणांगणावर शत्रूच्याच तंबूत जाऊन, "आता तुमच्यावर हल्ला कोठून करू?" असे विचारावे आणि त्याने निर्विकारपणे जागा दाखवावी. महाभारतात पांडवांनी भीष्मांना त्यांच्याच वधाचा उपाय विचारला तेव्हा ते पितामह होते, आणि प्रसंग एकदाच आला; येथे ही लाजिरवाणी मसलत दर चालीगणिक घेता येई. दुसऱ्या बटणाने केलेली चाल मागे घेता येत असे, तीही कितीतरी चालींपर्यंत, आणि पोस्टमास्तरांप्रमाणे भाषण करण्याची आवश्यकता न पडता. तिसऱ्या बटणाने तर डावाच्या मध्येच बाजू बदलता येई: आपला डाव बुडू लागला की बटण दाबावे आणि जिंकणाऱ्याच्या गोटात दाखल व्हावे. जेथे दर हिवाळ्यात विधिमंडळ भरते त्या शहरात या बटणाचा उपयोग कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

या साऱ्या अभ्यासाने माझ्या खेळात काय सुधारणा झाली, असे कोणी विचारील तर प्रामाणिक उत्तर असे, की चाल मागे घेण्याच्या कलेत मी निष्णात झालो. पुढे खऱ्या लाकडी पटावर पोस्टमास्तरांशी बसलो असता, माझा हत्ती गेला त्या क्षणी माझा अंगठा आपोआप पटाच्या कडेवरून काहीतरी शोधीत फिरू लागला. "काय हुडकून राहिले?" त्यांनी विचारले. काय हुडकत होतो ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. ते गृहस्थ ती कला कोणत्याही बटणावाचून जन्मभर आचरीत आले होते.

या डबीवर सर्वांत गंभीर आरोप ठेवले ते माझ्या वृद्ध काकांनी. ते त्या पिढीतले, की जी बुद्धिबळ देशी पद्धतीने शिकली आणि जिने विलायती पद्धत ही इंग्रजांबरोबर आलेली व इंग्रजांबरोबर जावयास हवी होती अशी एक कुप्रथा मानली. देशी डावात प्यादे पहिल्या चालीतही आपले एकच घर चाले. किल्लेकोट नसे, त्याऐवजी ज्या राजाला अद्याप शह बसलेला नाही त्याला डावात एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी मारण्याचा अधिकार असे. पैलतीरी पोचलेले प्यादे ज्या घरात उभे राहील त्या घराच्या मूळ धन्याचा दर्जा त्याला मिळे. सरसकट सर्वांनी वजीर होण्याची आजची प्रथा नव्हती. शत्रूजवळ नुसता राजा उरला तर तो बुर्ज, म्हणजे अर्धा विजय. आणि प्याद्याने मात दिली तर त्या प्यादेमातीची कथा गल्लीत पुढच्या पोळ्यापर्यंत चाले. 1955 मध्ये एलुरु येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले, तोवर देशभर विलायती नियमांचा अंमल बसत चालला होता. काकांनी मात्र महालातल्या आपल्या ओसरीपुरता तो अंमल कधीच मान्य केला नाही.

अशा पुरुषाच्या हातात मी ती डबी दिली. पहिल्याच चालीला डबीचे प्यादे दोन घरे पुढे आले. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "हा दोन घरं चालला."

"विलायती पद्धतीत चालतं, काका."

"मग मीही चालतो," असे म्हणून काही वेळाने त्यांनी स्वतःचे एक प्यादे, तत्त्वाला मुरड घालून, दोन घरे पुढे दामटले. आणि डबीने ते वाटेतल्या वाटेत मारले. विलायती कायद्यात या कृत्याला आधार आहे: दोन घरांची उडी मारून शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या प्याद्याला, ते एकच घर चालले असे समजून, प्रतिपक्षाच्या प्याद्याने लगेच पुढच्या चालीत मारावे. काकांच्या दृष्टीने मात्र घडले ते असे, की शत्रूचे प्यादे एका रिकाम्या घरात गेले आणि यांचे प्यादे शेजारच्या घरातून नाहीसे झाले.

"माझं प्यादं इथं उभं, हा जाऊन बसला तिथं, आणि मेलं इथलं! ही लढाई होय की भानामती?"

मी नियम सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला, परंतु दाखल करून घेतला नाही. थोड्या वेळाने डबीने किल्लेकोट केला, म्हणजे राजा आणि हत्ती हे दोघेही एकाच चालीत हलले, आणि तेव्हा काका काहीच बोलले नाहीत. एका घरात दोन चोऱ्या झाल्यावर मनुष्य जसा तिसरीची वाट पाहतो तसे ते स्तब्ध बसून राहिले. अखेर त्यांचा राजा अडचणीत आला. त्यांनी शांतपणे ठिपका राजावर नेला, अडीच घरे मोजली आणि बटण दाबले. डबीने नापसंतीचा ध्वनी काढला. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा तोच ध्वनी. "याला सांग," काका माझ्याकडे वळून म्हणाले, "माझ्या राजाला अजून एकदाही शह बसलेला नाही. त्याचा हक्क शाबूत आहे." डबीला काही सांगता येत नाही, असे मी म्हणालो. "ज्याला काही सांगता येत नाही त्याच्याशी खेळायचं कशाला?" असे विचारून त्यांनी डबी खाली ठेवली, आणि मला फुलस्केप कागद आणावयास सांगून कंपनीच्या नावे एक रीतसर दरखास्त लिहवून घेतली, जीत मजकूर यंत्राने अर्जदाराच्या राजाचा वडिलोपार्जित वहिवाटीचा हक्क विनाकारण नाकारल्याचे नमूद करून योग्य तो हुकूम होण्याची विनंती केलेली होती. ती दरखास्त भाच्याबरोबर अमेरिकेस रवाना झाली. 672 बाइटांचा तो चिमुकला कार्यक्रम त्यांना दाखवता आला असता तर त्यांनी त्याला आशीर्वाद दिला असता. जागेच्या अभावी त्यात किल्लेकोटही नव्हता आणि प्यादे वाटेत मारण्याची तरतूदही नव्हती.

काकांचा निकाल मला मान्य नसला तरी डबीच्या स्वभावात एक वैगुण्य होते खरे, आणि त्याचा उलगडा आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी केला. या छोट्या यंत्रांची दृष्टी ठराविक चालींपुरतीच पोचते. त्या टप्प्याच्या आत एखादा मोहरा जाणार असे दिसले, म्हणजे यंत्र मध्येच निष्कारण शह देते, एखादे प्यादे फुकट पुढे करते, तेही मेले की दुसरे करते. कारण मधल्या चाली वाढल्यामुळे ते मुख्य संकट त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर ढकलले जाते, आणि जे दिसत नाही ते टळले असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. हान्स बर्लिनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने याला क्षितिजाचा दोष म्हटले. माझी डबी हरू लागली की नेमके हेच करी: वजीर वाचवण्यासाठी आधी प्यादे, मग उंट, मग हत्ती अशी सारी जिंदगी उधळून शेवटी वजीरही गमावी. मला हे विचित्र वाटे. वकीलसाहेबांनी मात्र एक डाव पाहिला आणि त्यांचे डोळे पाणावले. "अहो, हा मूर्ख नाही जी," ते म्हणाले, "हा तारखा घेऊन राहिला." फैसला विरुद्ध जाणार हे पक्के कळल्यावर आजारपणाचा दाखला, कागदपत्रांची मागणी, साक्षीदाराची गैरहजेरी अशा क्रमाने खटला तहकूब करवीत राहायचे, आणि प्रत्येक तहकुबीची फी स्वतंत्र, अशिलाची शेते विकली गेली तरी निकाल लागलेला नाही हे समाधान शाबूत राहते. त्या दिवसापासून वकीलसाहेब नेहमी डबीच्या बाजूने उभे राहू लागले.

डाव जिंकत आणून तो संपवण्याच्या बाबतीतही तिची अवस्था केविलवाणी होती. राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा, हा डाव पोरेसोरेही जिंकतात. स्पेनच्या तोरेस केवेदो या अभियंत्याने 1912 मध्ये तारा, पट्ट्या आणि विद्युच्चुंबक यांच्या साह्याने असे एक यंत्र घडवले, की ते एवढा एकच शेवट खेळे, परंतु न चुकता मात देई. माझी डबी त्यानंतर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी जन्मास आलेली. तरीही खालच्या पातळ्यांवर ती माझ्या एकाकी राजाभोवती आपला हत्ती घेऊन प्रदक्षिणा घाली, आणि पन्नास चाली निष्फळ गेल्यामुळे डाव बरोबरीत सुटे. मी त्या बरोबऱ्या माझ्या खात्यात विजय म्हणून जमा करीत असे.

पुढे मे 1997 मध्ये डीप ब्ल्यू या अवाढव्य संगणकाने सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले. ज्याचे नाव आणि छबी छापून असल्या डब्या जगभर विकल्या जात होत्या, त्यालाच एका डबीच्या थोरल्या भावंडाने हरवावे, हा योग मला तेव्हा फार मार्मिक वाटला. आता तर साध्या भ्रमणध्वनीत बसलेला कार्यक्रम विश्वविजेत्यालाही दाद देत नाही. त्यामुळे स्पर्धेच्या दालनात भ्रमणध्वनी नेणे हाच गुन्हा झाला आहे. 2006 मध्ये आपल्याकडच्याच एका खेळाडूला टोपीत ब्लूटूथ शिवून आणल्याबद्दल दहा वर्षे खेळण्यास मनाई झाली. केंपेलेनला पेटीत माणूस लपवावा लागला होता. आता माणसाच्या टोपीत पेटी लपवावी लागते. एवढी प्रगती मधल्या 236 वर्षांत झाली.

दरम्यान नागपूरनेही आपली पातळी कोणालाही न विचारता वर नेली. दर डिसेंबरात या शहरात विधिमंडळ भरते आणि त्याच्या कामकाजाचे मोठमोठे मथळे छापले जातात. परंतु 2005 च्या डिसेंबरात नागपुरात झालेले सर्वांत भरीव काम प्रसूतिगृहांत झाले असे आता म्हणावे लागते. त्या महिन्याच्या नऊ तारखेस दिव्या देशमुख जन्मली आणि बावीस तारखेस रौनक साधवानी. रौनक तेराव्या वर्षी, 2019 मध्ये, ग्रँडमास्टर झाला. 2021 मध्ये संकल्प गुप्ता झाला. आणि 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातल्या बातुमी येथे दिव्याने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला व त्याच विजयाने ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर ठरली. त्या दिवसापासून नागपुरातल्या प्रत्येक गल्लीत निदान एक मूल तरी बुद्धिबळाच्या शिकवणीला जाते, आणि त्या मुलाच्या आजोबाला, तो पूर्वी कसा खेळत असे, हे सांगण्यास आता कोणी श्रोता उरलेला नाही.

माझी नातही त्यांपैकीच. तिने कपाट आवरताना ती डबी शोधून काढली, सेल बदलले, काचेकडे पाच मिनिटे पाहिले आणि, "आबा, हिची पातळी काय?" असा, शिरस्तेदारांनी सौजन्यापोटी इतकी वर्षे न विचारलेला, प्रश्न विचारला. सर्वांत वरची, असे मी सांगितले. तेव्हा तिने सुचवले, की भ्रमणध्वनीतला कार्यक्रम आणि ही डबी यांचा सामना लावावा. दोन्ही यंत्रांना एकमेकांशी बोलता येत नव्हते. म्हणून नातीने भ्रमणध्वनीवर उमटलेली चाल वाचून दाखवायची, मी ती बाणाबाणाने डबीत उतरवायची, आणि डबीने काढलेली प्रतिचाल मोठ्याने सांगून तिने तिकडे नोंदवायची असे ठरले. माझ्या हुद्द्याचे नाव काय ते तिने सांगितले नाही. पूर्वीच्या दरबारात अशा माणसाला हरकारा म्हणत.

डबीने सुरुवातीच्या पाठ असलेल्या चाली झपाट्याने खेळल्या. पाठांतर संपले तेव्हा तिच्या काचेवरचा आकडा बराच वेळ लुकलुकत राहिला. भ्रमणध्वनीला मात्र वेळ कसला तो लागतच नव्हता. माझा ठिपका अर्ध्या वाटेवर असतानाच नातीचे पुढचे वाक्य तयार असे. आठदहा चालींत डबीचा वजीर अडचणीत आला. तिच्याशी माझा इतक्या वर्षांचा संबंध, न राहवून मी भ्रमणध्वनीचा घोडा सांगितलेल्या घराऐवजी शेजारच्या, अगदीच निरुपद्रवी घरात ठेवू लागलो, तर नातीने काचेकडे न पाहताच विचारले, "आबा, तुम्हाला चाल करायला कोणी सांगितलं? तुम्ही नुसतं दाबा ना."

मी दाबले. डबीने एक प्यादे फुकट पुढे केले. ते मेले. तिने उंट पुढे केला. इतक्यात दारातून सावली पडली, आणि काठी टेकीत आत आलेले वकीलसाहेब माझ्या खांद्यावरून वाकून, नातीला ऐकू जाणार नाही असे त्यांना वाटेल एवढ्या आवाजात, डबीला म्हणाले, "हत्तीनं शह दे बावा, निदान पुढची तारीख तरी मिळेल!"